हौसाची हजेरी

झेरॉक्सच्या कागदाला वास नसतो. शांताबाईंनी माझ्यापुढे ठेवलेल्या चार कागदांनाही नव्हता. पण त्यांवरचं अक्षर माझं होतं. विसाव्या वर्षीचं, टपोरं, उजवीकडे किंचित कललेलं. माझ्या वडिलांना ज्याचा फार अभिमान होता ते अक्षर. ते पाहिलं आणि नागापूरला मुलाच्या घरात, भर दुपारी पंख्याखाली बसलेल्या मला सुकडीचा वास आला. भाजलेल्या पिठाचा, साखरेचा, तागाच्या पोत्याचा. बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामांवर मजुरांना सुकडी वाटत. ज्यांनी ती खाल्ली त्यांची पिढी आता संपत आली. मी ती खाल्लेली नाही. मी वाटली.

शांताबाईंना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पन्नाशी ओलांडलेली बाई, अंगणवाडीत सेविका, खांद्याला कापडी पिशवी. चिंचमळ्याच्या तलावाच्या गावाहून दोन एसट्या बदलून आल्या होत्या. गावातली मंडळी हिवरे बाजार पाहून आली होती. परतल्यावर त्यांनी तलावातला गाळ काढला, आणि आता बांधावर एक दगडी फलक बसवायचा होता. हा तलाव ज्यांनी हातांनी बांधला, त्यांची नावं. नावं आणायची कुठून, तर जुन्या मस्टरवरून, म्हणजे कामावरच्या हजेरीपटावरून. माहितीचे अर्ज करकरून शांताबाईंनी ते मिळवलं होतं.

"काका, हे अक्षर तुमचंच ना?"

"हो. मी हजेरी कारकून होतो तिथं."

"ह्यात माझ्या आईचं नाव हाय. ठकूबाई. पन चुलतीचं न्हाई. हौसाबाई तिचं नाव. ती त्याच कामावर गेली, काका. मुरमाची कड अंगावर आली. अन् पंचनाम्यात काय लिव्हलंय बघा." त्यांनी बोट ठेवलं. 'मजुरांकरिता भाकरी घेऊन आलेली स्त्री.' "खाली साक्षीदार म्हून तुमची सही हाय. सरपंच म्हनत्यात, जिचं नाव मस्टरवर न्हाई तिचं दगडावर कसं घालायचं? पंधरा दिसांनी ग्रामसभा हाय. तुमाला काई आठवत आसंल तर..."

"फार वर्षं झाली हो," मी म्हणालो. "नाही आठवत."

"आसू द्या. वय झालं की व्हतं तसं," असं त्यांनीच मला समजावलं. पाणी प्यायल्या, पिशवी उचलली. कागद मात्र टेबलावर ठेवून गेल्या.

नाही आठवत.

त्या वर्षी सकाळी गुरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत नसत. गुरं विकली गेली होती किंवा छावणीत होती. त्यामुळे दिवस उजाडायचा तो मुकाट्याने, आणि त्या शांततेत पहिला आवाज यायचा तो वस्तीवरच्या बायकांचा. माळाच्या उतरणीवरून त्या एका रांगेत यायच्या. लोखंडी घमेली एकमेकांवर आपटत, कुणाचं तरी पोर किरकिरत, कुणी तरी कुणाला शिव्या देत. मग धुरळ्यातून हिरवी, जांभळी लुगडी दिसू लागत. पहिली पाटी उचलण्याआधी प्रत्येक जण वाकून चिमूटभर माती कपाळाला लावी. मग दिवसभर तीच माती त्यांच्या केसांत, पापण्यांत, भाकरीत असे. दुरमुसाने भराव चोपण्याचा धप्प, धप्प असा आवाज संध्याकाळपर्यंत चाले. आजही शेजारच्या बांधकामावर तसा काही आवाज आला की मी खिडकी लावून घेतो. सुनेला वाटतं, मला धुळीचा त्रास होतो.

मला आठवतो मिलोच्या, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरीचा रंग. डोक्यावरच्या चुंबळी. उन्हात तापलेल्या घमेल्याला हात लावण्याआधी बोटांवर फुंकर मारण्याची लकब. आणि बाभळीजवळचे दोन रांजण. एक बाभळीच्या सावलीत, दुसरा दहा पावलं पलीकडे उन्हात. दुसरा वस्तीवरच्यांचा, म्हणजे जुन्या महारवाड्यातल्या, आता बौद्ध झालेल्या घरांचा. तो तिथं ठेवा असं कुणी कुणाला सांगितल्याचं मी ऐकलं नाही. तो तिथं होता आणि मी रोज त्याच्यावरून जात होतो.

"दादा," एकदा हौसा मला म्हणाली, "दोनी रांजन एकाच टँकरनं भरत्यात बरं का. पन आमच्यातलं पानी ग्वाड लागतंय. उन्हात शिजतं ना. पिऊन बघा."

बायका हसल्या. मीही हसलो. प्यायलो नाही.

हौसा उंच होती. पाटी डोक्यावर घेतली की अजून उंच दिसायची. जुन्या हिरव्या लुगड्याची चुंबळ करायची आणि म्हणायची, "नवऱ्यानं काई टोप चढवला न्हाई. सरकारनं चढवला." तिचं हसू नेहमी कुणाच्या तरी खोडीवर असायचं, बहुधा माझ्या. मी खुर्चीवर, मांडीवर मस्टर, डोक्यावर छत्री. ती जाता जाता म्हणायची, "दादा, वर बघून हजेरी घेत जा. नावं कागदात हायेत, मानसं हितं हायेत."

पण ती माझ्या मस्टरवर नव्हती, हे आधी सांगायला हवं. ती आणि ठकूबाई दोघी सख्ख्या जावा. घरात आंधळी सासू, हौसाची दोन लहान पोरं. दोघींपैकी एकीला घरी राहणं भाग, म्हणून कामावर नाव एकटीचं लागलं, ठकूबाईचं. हौसा आधी घरचं उरकून अधूनमधून यायची, जावेला पाटीला हात द्यायची, माझी थट्टा करायची आणि जायची.

त्या कामांवर बायकांची एक रीत होती. तिला त्या 'बदली' म्हणत. एका घरचं एक नाव. नाववाली आजारी पडली, बाळंत झाली, माहेरी कुणी गेलं म्हणून गेली, तर घरची दुसरी बाई तिच्या जागी येई आणि तिच्या नावाला 'हाय' म्हणे. नाव कुणी स्वतःच्या तोंडाने घ्यायचं नसे. मस्टरवर प्रत्येकीच्या नावापुढे 'भ्रतार अमुक' असे, आणि नवऱ्याचं नाव बाई उच्चारत नाही. त्यामुळे नाव मी घ्यायचं आणि तिने फक्त 'हाय' म्हणायचं. नियमाने हे चालत नव्हतं. तरी प्रत्येक कारकुनाला ठाऊक होतं आणि प्रत्येक कारकून खाली बघून चालवून घेत होता.

ठकूबाई दिवस भरेपर्यंत माती वाहत होती. एका सकाळी ती आली नाही. दुसऱ्या सकाळी मी तिचं नाव पुकारलं.

"हाय!"

मी वर पाहिलं. समोर हौसा.

"तू कधीपासून ठकूबाई?"

"कालपासनं," ती म्हणाली. मागे बायका फिसकन हसल्या. "जाऊ बाळंत झाली, दादा. पोरगी झाली. आता म्हैनाभर नाव दिसलं न्हाई तर तुमी खोडनार. पुन्यांदा घालाया तुमचा सायब सतरा चकरा मारायला लावनार. मी हाय की. वाट तीच, पाटी तीच, डोस्कं तेवढं दुसरं."

"साहेबांनी विचारलं तर?"

"तुमचा सायब आमच्या तोंडाकडं बघतो व्हय कधी? त्यो पाटी भरली का बघतो."

मी 'हजर' लिहिलं. त्या वेळी मला स्वतःबद्दल बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो. अकरा दिवस हौसा ठकूबाई होती. अकरा दिवस मी तिच्या 'हाय'ची वाट पाहत असे, कारण त्यानंतर काहीतरी टोमणा येई आणि सकाळ जराशी हलकी होई.

बाराव्या दिवसाचं मला सलग काही आठवत नाही. दुरमुसाचा आवाज थांबला, हे आठवतं. धान्याचं मोठं पोतं कुणी एकदम उपडं करावं तसा आवाज झाला, तोही. बायका खाणीत मुरूम खालून पोखरत, म्हणजे वरचा आपोआप सुटा होई. लवकर काम व्हायचं तसं. ती कड एकदम खाली बसली. सगळे धावले, मी पण धावलो. फावडं लागेल म्हणून बायका हातांनी उकरत होत्या. आणि त्या उकरण्यातून एक वास वर आला. थंड, ओल्या मातीचा. त्या साऱ्या वर्षात ओल्या मातीचा वास मला एकदाच आला, तो त्या दिवशी. आधी हिरवी चुंबळ निघाली. मग हात.

साहेब जीपने आले तेव्हा ऊन कललं होतं. तिच्यावर कुणीतरी लुगडं टाकलं होतं. तीसएक बायका भोवती उभ्या होत्या, एकही रडत नव्हती. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या.

"हिचं नाव मस्टरवर आहे?" साहेबांनी विचारलं.

"नाही, साहेब."

हे खरं होतं.

"नाही? मग ही इथं काय करत होती?"

'बदलीवर होती, मी चालवून घेतलं' एवढं बोलायला किती वेळ लागतो? मी का बोललो नाही याची कारणं माझ्याकडे तेव्हा होती, आजही आहेत, आणि ती लिहायची माझी इच्छा नाही.

"भाकरी घेऊन आली असेल कुणाची तरी," मी म्हणालो.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. साहेबांनीही नाही. ते वाक्य सर्वस्वी माझं. आणि अक्षर चांगलं म्हणून पंचनामाही मीच लिहिला. बायकांपैकी एकीलाही कुणी काही विचारलं नाही. मस्टरवर त्या दिवशी ठकूबाईपुढे सकाळीच 'हजर' लिहिलेलं होतं. ते मी तसंच राहू दिलं. खोडलं असतं तर कुणीतरी कारण विचारलं असतं.

दुसऱ्या सकाळी ठकूबाई आली.

तेरा दिवसांची बाळंतीण. कान फडक्याने बांधलेले, चेहरा पिठासारखा. जावेचं मढं कालच पुरलेलं. पण कागदावर ती अकरा-बारा दिवस अखंड कामावर होती आणि काल तर धडधाकट हजर होती. आज आली नसती तर कुणीतरी विचारलं असतं, कालची ठकूबाई कुठं गेली? माझं खोटं उभं राहावं म्हणून तिला उभं राहावं लागलं. मी नाव पुकारलं. ती "हाय" म्हणाली. मी वर पाहिलं नाही. ऊन चढलं तशी तिची चोळी दुधाने भिजली, ते मला दिसलं, आणि मी छत्री पुढे कलती केली. पुढे शेजारची एक पोरगी तान्ह्या बाळाला घेऊन येई, आणि ठकूबाई उन्हातल्या रांजणाला टेकून पाजायला बसे. काम संपेपर्यंत मी तिचं नाव खाली बघूनच घेतलं.

ते बाळ म्हणजे शांताबाई.

तलाव पुढे भरला. उद्घाटनाला झेंडूच्या माळा होत्या, पेढे होते. पाणी पाझरलं ते उतारावरच्या जमिनींत. तिथं कांदा आला, डाळिंब आलं. वस्ती वर माळावर होती, पाणी कधी वर चढत नाही. तलाव बांधणाऱ्या बायका पुढची कित्येक वर्षं त्याच तलावातून हंडे भरून चढण चढत राहिल्या. मला कायमची नोकरी लागली, बढत्या मिळाल्या, पेन्शन बसली. त्या रस्त्याने एसटीने गेलो की मी तलावाच्या उलट्या बाजूची खिडकी धरत असे.

कागद टेबलावर आठ दिवस पडून होते. नवव्या दिवशी मी एसटी धरली.

बांधावर आधी गेलो. काही म्हणजे काही ओळखू आलं नाही. बाभूळ नाही. मुरमाची खाण कुठं होती ते मला दाखवता आलं नसतं. तिथं सगळीकडे वेडी बाभूळ माजली आहे, किंवा कदाचित ती जागा पाण्याखाली आहे. उपसलेल्या गाळाचा कुबट वास होता. खाली शेतात सोलरच्या निळ्या पाट्या चमकत होत्या. फलकाचा दगड येऊन पडला होता, घासलेला, काळा, कोरा. मी त्यावर हात ठेवला तर तो तापलेला होता आणि मला बोटांवर फुंकर मारावीशी वाटली. मी त्या बांधावर बसलो आणि मोठ्याने "हौसा" म्हटलं. हे नाव मी हजेरीत कधीच पुकारलं नव्हतं. उत्तर देणारं तिथं कुणी नव्हतं. दूर मोटरसायकलवाला एक पोरगा थांबून बघायला लागला, तेव्हा उठलो.

ठकूबाई दारातल्या खाटेवर होती. ऐंशीच्या पुढची, डोळ्यांत मोतीबिंदूचं दूध. शांताबाई माझं नाव सांगू लागल्या तर तिने हात वर केला.

"मस्टर," ती म्हणाली. "आवाजावरनं वळखलं. बसा."

मी बसलो आणि सगळं सांगितलं. 'भाकरी घेऊन आली असेल' हे मी म्हणालो, तेही. शांताबाई चहाचा कप हातात धरून दारात उभ्याच राहिल्या. माझं सांगून झालं तरी तो कप त्यांनी खाली ठेवला नाही, मला दिलाही नाही.

"हे मला काय सांगताय?" ठकूबाई म्हणाली. "माझंच नाव घिऊन गेली ती घरातनं. मला ठावं न्हाई व्हय? तिची दोन अन् माझी तीन, पाच पोरं एका ताटात वाढवली मी. थोरला तिचा, मरताना बी इचारत हुता, आई कामावर मेली का कुनाची भाकर न्ह्यायला गेल्ती." तिने मान माझ्याकडे वळवली. "तुमी इतकी वर्सं काय करत हुता?"

मी खाली पाहिलं, हजेरी घेताना पाहायचो तसं.

"मला सांगून तुमाला हलकं वाटत आसंल तर बरं हाय," ती म्हणाली. "मला काई हलकं वाटत न्हाई. सभेत सांगा."

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात होती. माझी वेळ आली तेव्हा मी उभा राहिलो आणि सांगितलं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "पेन्शन पचल्यावर आठवलं व्हय, काका!" थोडा हशा झाला. तो माझ्या वाटणीचाच होता.

सरपंच तरुण, बोलायला नम्र. "काका, तुमच्या वयाचा मान हाय. पन तवा तुमी एक सांगितलं, आज दुसरं सांगताय. मग खरं कंचं धरायचं? कागद तर तुमच्याच हातचा हाय."

मी म्हणालो, कागद खोटा आहे. ते म्हणाले, मग त्यावरची बाकीची नावं तरी खरी कशी मानायची? आज एक नाव तोंडी घातलं तर उद्या दहा जण येतील. कुणीतरी मध्यम मार्ग काढला. फलकाच्या तळाशी 'व इतर महिला' असं कोरायचं. म्हणजे कुणीच वगळलं जाणार नाही. टाळ्या पडल्या.

टाळ्या संपायच्या आत ठकूबाई शांताबाईंचा खांदा धरून उठली.

"इतर म्हंजी कोन रं?" तिचा आवाज पातळ होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "कागद म्हनतो ना, त्या दिशी ठकूबाई कामावर हजर? अन् त्या दिशी जी ठकूबाई कामावर हुती, तिच्यावर कड पडली. मंग मीच मेले आसं लिव्हा. लिव्हा की! न्हाईतर माझं नाव काडा त्या दगडावरनं."

ग्रामसेविका नवी मुलगी होती. ती कळवळून म्हणाली, "आजी, मस्टरवर असलेलं नाव मला काढता येत नाही. आणि नसलेलं घालता येत नाही."

हात वर झाले, ठराव मंजूर झाला. लोक उठून चपला शोधू लागले. मी तिथंच उभा होतो. ग्रामसेविकेने माझ्याकडे पाहिलं आणि सभेची वही माझ्यापुढे सरकवली. "ठराव बदलणार नाही, काका. पण तुमची हरकत असेल तर शेवटी शेरा लिहू शकता. तुमच्या सहीने. तो राहील."

मी पेन घेतलं. वडिलांना अभिमान होता ते अक्षर आता राहिलेलं नाही. चार ओळींना फार वेळ लागला. तोवर पटांगण रिकामं झालं होतं. ठकूबाई पायरीवर बसून होती.

"वाचा," ती म्हणाली.

मी वाचलं. "'हौसाबाई, ठकूबाईची थोरली जाऊ, ही चिंचमळा तलावाच्या कामावर बदलीने हजर होती. जेवणाच्या सुट्टीनंतर मुरमाची कड कोसळून ती मयत झाली. ती भाकरी घेऊन आलेली नव्हती. ही खोटी माहिती मी दिली व मीच लिहिली.'"



"सुट्टीनंतर न्हाई," ठकूबाई म्हणाली. "सुट्टीच्या आदी. तिची भाकर फडक्यात बांदल्याली तशीच घरी आली. मी सोडली ती सांजच्याला."

पन्नास वर्षं मी ती घटका दुपारच्या सुट्टीनंतरची म्हणून आठवत होतो. मी कारकून. मी सुट्टीची वाट पाहत नसे, भूक लागली की डबा उघडत असे. मी जेवलेलो होतो, म्हणून माझ्या आठवणीत सगळेच जेवलेले होते.

मी 'सुट्टीनंतर' खोडलं आणि वर 'सुट्टीपूर्वी' लिहिलं.

"तेवढ्यानं कळत न्हाई," ठकूबाई म्हणाली. "उपाशी हुती म्हून लिव्हा."

रकान्यात जागा उरली नव्हती. मी वही आडवी फिरवली आणि समासात, कागदाच्या अगदी काठाला, लिहिलं: उपाशी होती.